शिंगे नव्हे, दात पाहा!

काष्टीच्या बैलबाजारात जाणते गिऱ्हाईक रंगवलेल्या शिंगांना भुलत नाही. जबडा उघडून दात पाहते. मोटारीचे सुटे भागही असेच घ्यावेत, असे काष्टीचाच माझा एक जुना विद्यार्थी म्हणतो. २०२० साली स्कोडाने आपल्याकडे अवघ्या २०० 'ऑक्टाव्हिया आरएस २४५' तयार आणून विकल्या. त्यांतली एक त्याच्या दारी आहे. तेल, गाळणी तो घरीच बदलतो.

साधी ऑक्टाव्हिया संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवली जाई. मग तिचेच भाग हिला का चालू नयेत?

"सर, नाव एक, आतडी निराळी!"

साध्या १.८ पेट्रोल ऑटोमॅटिकच्या सात गतींच्या गिअरपेटीत क्लच कोरडे. हिच्या सात गतींच्या पेटीत ते तेलात बुडालेले. हिच्या ब्रेकची चकतीही मोठी. म्हणून नुसते "ऑक्टाव्हियाचे पॅड द्या" म्हणू नये. चासीचा सतरा अक्षरी क्रमांक सांगावा, त्यावरून भागाचा क्रमांक काढावा, शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत. चकचकीत खोकी काय, कोणीही छापतो. मागच्या आसनावर पोरेबाळे बसलेली असताना ब्रेक लागला नाही, तर ते खोके परत करून काय मिळणार?