गाडीची किंमत उतरते, खर्च उतरत नाही

जुनी आलिशान गाडी बाळगणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे दोन समज असतात. एक, हा माणूस फार शौकीन आहे. दोन, हा माणूस फार चिकट आहे. माझ्या नातेवाइकांनी माझ्याबद्दल दोन्ही एकदमच करून घेतलेत. 'लेक्सस' म्हटलं की "बापरे!", '२००६ सालची' म्हटलं की "अरेरे!" आणि तिची कामं मी घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच करतो म्हटलं की फोनवर नुसतीच शांतता.

तर मंडळी, आज त्या शांततेला उत्तर द्यायचं ठरवलंय. माझं म्हणणं थोडक्यात असं : जुनी आलिशान एसयूव्ही ठेवायची असेल तर हात काळे करायची तयारी पाहिजे. ती नसेल तर त्याच पैशात एखादी साधी, छोटी गाडी घ्यावी आणि रात्री सुखानं झोपावं. आणि हे मी पैसे वाचवण्यासाठी म्हणत नाहीये. पैसे वाचतात, नाही असं नाही. पण खरं कारण वेगळं आहे.

आधी पैशाचंच बोलू, कारण पहिला प्रश्न तोच येतो. माझी गाडी जीएक्स ४७०. टोयोटाच्या प्राडोच्या सांगाड्यावर बेतलेली, ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन. नवी होती तेव्हा ४५ हजार डॉलरच्या वर किंमत. मी २०१५ साली घेतली तेव्हा साधारण एक तृतीयांश किमतीत मिळाली. इथेच माणूस फसतो. त्याला वाटतं, आपण १५ हजारांची गाडी घेतली. नाही हो! आपण ४५ हजारांचीच गाडी घेतलेली असते, फक्त १५ हजार देऊन. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, पण तिच्या सुट्या भागांना आणि मेकॅनिकच्या तासाच्या दराला ते कोणी सांगत नाही. इंजिनात आठ स्पार्क प्लग आहेत ते आठच राहतात, ऑइल साडेसहा क्वार्ट लागतं ते तेवढंच लागतं. मागच्या चाकांवर पोलादी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या आहेत. गाडी मऊ चालते ती त्यांच्यामुळे, पण रबर शेवटी रबरच. वय झालं की त्याला चिरा पडणारच. पांढरा हत्ती फुकट मिळाला तरी चारा त्याला हत्तीचाच लागतो.

ही किंमत आणि खर्च यांच्यातली दरी कशानं तरी भरावी लागते. पैशानं भरा नाहीतर हातानं भरा. दोन्ही नको असेल तर गाडी हळूहळू धोकादायक होत जाते आणि आपल्याला ते कळतही नाही.

उदाहरण देतो. या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. आतल्या बाजूला दाते असलेला रबरी पट्टा. खालचा क्रँकशाफ्ट आणि वरचे कॅमशाफ्ट यांना तो एका तालात ठेवतो. तो दर ९० हजार मैलांना, म्हणजे साधारण १ लाख ४५ हजार किलोमीटरला बदलायचा असतो. इंजिनाची रचना अशी की चालत्या गाडीत पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग दुरुस्ती पट्ट्याची राहत नाही, इंजिनाची होते. माझ्या गाडीचे १ लाख ८० हजार मैल होत आले तेव्हा एका वर्कशॉपनं १,९०० डॉलर सांगितले. पट्टा, वॉटर पंप, टेन्शनर आणि पुल्या असा सगळा संच मला २७० डॉलरला मिळाला. दोन शनिवार गेले. नव्या पट्ट्यावर रेघा छापलेल्या असतात, त्या पुल्यांवरच्या खुणांशी जुळवायच्या. टेन्शनरची पिन ओढायची. मग इंजिन पान्यानं हातानंच दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं. जुळल्याशिवाय चावी लावायची नाही.

लोकांना वाटतं गोष्ट इथे संपते. १,६०० डॉलर वाचले, शाब्बास. पण मला त्या दोन शनिवारांत त्याहून मोलाचं काहीतरी मिळालं. पुढचा भाग सगळा उघडल्यावर जुन्या वॉटर पंपाच्या कडेला वाळलेल्या कूलंटचा गुलाबी पापुद्रा दिसला. पंप थेंब थेंब गळू लागला होता. रेडिएटरचा एक पाइप क्लिपेजवळ फुगला होता. डॅशबोर्डवर यातलं काहीही दिसत नव्हतं. दिवा लागत नव्हता, काटा वर जात नव्हता. बिल देऊन आलो असतो तर 'काम झालं' एवढंच कळलं असतं. स्वतः केल्यामुळे गाडी कुठल्या अवस्थेत आहे ते कळलं.

आणि हे कळणं इथे फार महत्त्वाचं आहे. आम्ही राहतो ओहायोत, कोलंबसला. या राज्यात गाडीची वार्षिक सुरक्षा-तपासणी नाही. कोलंबसला तर धुराचीही तपासणी नाही. ब्रेक झिजलेत का, सांगाडा गंजलाय का, हे विचारायला कोणीही सरकारी माणूस येत नाही. म्हणजे तपासणारा एकच, गाडीचा मालक. त्यात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात, गाडी मात्र खाल्ल्या मिठानं गंजते. सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेकच्या पोलादी नळ्यांना गंज चढतो. वरून गाडी चकचकीत, आत चामड्याच्या सीटा, आणि खाली ज्या बोटभर नळीवर सगळ्यांचा जीव अवलंबून आहे ती पोखरलेली. म्हणून दर ऑक्टोबरात मी गाडी खालून धुतो, वाळू देतो, तारेच्या ब्रशनं गंज खरवडतो आणि लॅनोलिनचं, म्हणजे लोकरीतून निघणाऱ्या मेणाचं, तेल फवारतो. त्या निमित्तानं प्रत्येक नळी बॅटरीच्या उजेडात पाहून होते. कपडे फेकून द्यावे लागतात, मेंढरांच्या कळपात झोपून आल्यासारखा वास येतो, पण चालायचंच :)

आता मामांकडे वळतो. पुण्याचे माझे थोरले मामा फोनवर म्हणाले, "अरे, एवढा इंजिनियर झालास ते काय गाडीखाली लोळायला? डॉलरमध्ये कमावतोस ना?"

मी म्हटलं, "मामा, तुमचा गॅरेजवाला तीस वर्षं तोच आहे. गाडीचा आवाज ऐकून तो काय बिघडलंय ते सांगतो, आणि तुमच्याकडे चहाही पिऊन जातो. माझ्याकडे तसा माणूस नाही. इथे दर वेळी नवा चेहरा, तासाला दीडशे डॉलरच्या वर दर. मग तो माणूस मलाच व्हावं लागतं."

मामांना अर्धंच पटलं. पण त्यांच्या प्रश्नाच्या मुळाशी काय आहे ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. हातानं काम करणारा तो कमी शिकलेला, आणि शिकलेला तो फक्त सही करणारा, ही समजूत आपल्या घरांमधून अजून गेलेली नाही. चार वर्षं इंजिनाच्या आकृत्या काढून आम्ही पहिल्या वर्गात पास झालो, पण आटे गेलेला बोल्ट कसा काढायचा ते कोणी विचारलं नाही. ते ज्ञान परीक्षेत नव्हतं आणि मेस्त्रीकडे होतं, म्हणून आम्ही त्याला ज्ञानच म्हटलं नाही.

खरा वाद मात्र मामांशी नाही, घरातच झाला. आमच्या मुलीला यंदा लायसन्स मिळालं. बायको म्हणाली, "ब्रेक तू बसवायचे आणि त्या भरवशावर तिनं गाडी चालवायची? मला नाही पटत." प्रश्न अगदी रास्त होता. यावर 'मला येतं गं सगळं' हे उत्तर होऊ शकत नाही.

आम्ही ठरवलं ते सांगतो. जॅक गाडी उचलायला, स्टँड गाडी पेलायला. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली हातही घालायचा नाही. चाकाचे सहाही नट टॉर्क रेंचनं ८३ फूट-पौंडांना, अंदाजानं नाही. एअरबॅगला हात लावायचा नाही, सांगाड्याला वेल्डिंग घरी करायचं नाही, व्हील अलाइनमेंट यंत्रावरच करायचं. गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन सरकारी यादीत टाकून एखादा रिकॉल बाकी आहे का ते बघायचं. आणि वर्षातून एकदा पैसे देऊन परक्या मेकॅनिककडून गाडी खालून-वरून तपासून घ्यायची. काम मी केलेलं असलं तरी निकाल मी द्यायचा नाही.

बायकोचा एक मुद्दा मात्र कुठल्याही पान्यानं सुटणारा नव्हता. समोर काही आलं तर आपोआप ब्रेक लावणारी सोय या गाडीत नाही आणि ती मला बसवता येणार नाही. म्हणून रात्री आणि हायवेवर मुलगी आईची नवी गाडी नेते. मोठी गाडी शाळेपुरती. मुलीला यातलं काहीही रोमहर्षक वाटत नाही. कानात बोळे घालून ती मला १० नंबरचा सॉकेट शोधून देते (तो नेहमीच हरवलेला असतो!) आणि निघून जाते. पण परवा गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, "बाबा, डावीकडे वळताना पुढून काहीतरी घासतंय." घासत होतंच. ब्रेकमागचा पातळ पत्रा वाकला होता. दोन मिनिटांचं काम. मला त्या पत्र्यापेक्षा तिनं ते ऐकलं याचं जास्त बरं वाटलं.

जुन्या वस्तूंवर जीव टाकणाऱ्यांपैकी मी नाही. दर ऑक्टोबरात सांगाड्यावर ठिकठिकाणी हातोडीनं हलकेच ठोकून बघतो. चांगलं पोलाद 'टण्' वाजतं. ज्या वर्षी ते 'थप्' वाजेल त्या वर्षी गाडी भंगारात जाईल, इंजिन कितीही गोड चालत असलं तरी. तो आवाज मात्र आपला आपण ऐकायला हवा. बिलाच्या कागदावर तो छापून येत नाही.