तिजोरीला दोन किल्ल्या, मग वर्गाला?



बँकेची तिजोरी रोज सकाळी उघडते ती दोन किल्ल्यांनी. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. तीस वर्षे सचोटीने नोकरी केलेल्या रोखपालालाही त्यात अपमान वाटत नाही. ती पद्धत आहे, संशय नव्हे. पण आपल्या संस्कार वर्गात कोणी मुलाला एकटे, दार लावून शिकवू नये असे सुचवले की लगेच उत्तर येते, ‘अहो, आपलीच माणसे आहेत ती!’

अडचण नेमकी तिथेच आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारले गेले. त्यात गोवाही होता. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला. मुलगे त्यात मागे नव्हते. त्रास देणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले. मडगावात मुलांचा आश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला व १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. तोवर तो परोपकारी गृहस्थ म्हणूनच वावरत होता. आपण मात्र ‘ते सारे किनाऱ्यावर, पर्यटकांचे’ असे म्हणून मोकळे झालो. २००३ मध्ये गोवा बाल कायदा झाला, तो आपल्यापैकी किती जणांनी वाचला?

एक गोष्ट आज कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेत मी नवखा सहचिटणीस होतो. सात वर्षांची एक मुलगी पेटीच्या वर्गाला जायचे नाव काढेना. आईने कारण सांगितले आणि हात जोडून म्हणाली, ‘वाच्यता नको.’ कार्यकारिणीला तेच हवे होते. शिक्षकाला जायला सांगितले. इतिवृत्तात ‘प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा’ लिहिले गेले. ते अक्षर माझे आहे. तो गृहस्थ पुढे दुसऱ्या गावी शिकवू लागल्याचे कानावर आले.

आज असे इतिवृत्त लिहिणे गुन्हा ठरेल. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा प्रकार समजल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदनामीची भीती असणाऱ्या पालकांनी हेही जाणावे की मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. जबाब घरीही घेता येतो आणि त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत असा नियम आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर खटला होत नाही. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला चार वर्षांच्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले, तेव्हा कायद्याच्या पाठीशी पालक एकजुटीने उभे हवेत.

ही एकजूट शाळेत सुरू व्हावी. पण शाळेने ‘नको असेल तर नाही म्हण’ शिकवायचे आणि घरी आपण ‘काकांच्या मांडीवर बस, पापा दे’ म्हणून दटावायचे, असे चालले तर मूल कोणाचे ऐकणार? शरीराच्या अवयवांना बाईंनी वापरलेले शब्द आईनेही न लाजता वापरले पाहिजेत. काही ज्येष्ठांना हे अकाली वाटते. त्यांचा आदर राखून म्हणतो, त्रास देणारा मुलाचे वय पाहून थांबत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. आपल्या वर्गांत दार उघडे आणि दोन मोठी माणसे हजर. नव्या शिक्षकाच्या आधीच्या ठिकाणी चौकशी. मराठी शाळांच्या पालक-शिक्षक संघांबरोबर वर्षातून दोन बैठका, त्यांत वडिलांनीही यायचे. १०९८ हा क्रमांक फलकावर. आणि तक्रार आली तर कार्यकारिणीची बैठक नंतर, पोलीस ठाणे आधी. ज्यांचा विरोध असेल त्यांनी सभेत येऊन बोलावे. या वेळचे इतिवृत्तही मीच लिहिणार आहे.