दगडावर नाव कोणाचे?

पुण्यात होळकर पुलाजवळ, मुळा रोडवर युद्धात कामी आलेल्या सैनिकांची दफनभूमी आहे. खडकी-येरवड्याच्या आमच्या वस्त्यांतील माणसे रोज त्या फाटकावरून जातात, आत मात्र कोणी जात नाही. साहेब लोकांची जागा, एवढीच ओळख. आम्ही काही सहकारी मागे मुद्दाम आत गेलो आणि दोन तास थांबलो.

कापलेली हिरवळ, दगडांच्या पायाशी फुलझाडे, कुठे कागदाचा कपटा नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ सैनिकांना इथे विसावा मिळाला आहे. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात विखुरलेल्या ज्या कबरींची देखभाल कायम होईल याची खात्री नव्हती, त्या इथे आणल्या गेल्या. प्रत्येक दगडावर पलटणीचे चिन्ह, नंबर, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख. कोणी एकोणीस वर्षांचा, कोणी बावीस. ओळीत चालताना आमच्या ध्यानात आली ती एक गोष्ट. कर्नलचा दगड मोठा आणि शिपायाचा लहान, असे इथे नाही.

ही समता आपोआप आलेली नाही. पहिले महायुद्ध चालू असतानाच, १९१७ साली, ब्रिटिशांनी युद्धसमाधींसाठी आयोग नेमला. त्याने ठरवले की मृतदेह मायदेशी नेता येणार नाही, कोणी पैशाच्या जोरावर खासगी स्मारक उभारणार नाही आणि हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्वांना सारखा मान मिळेल. बड्या घराण्यांनी आकांडतांडव केले. हजारो सह्यांचा अर्ज गेला. ४ मे १९२० रोजी पार्लमेंटात चर्चा झाली आणि नियम टिकला. लॉर्डाचा मुलगा आणि खाणकामगाराचा मुलगा एकाच मापाच्या दगडाखाली राहिले.

आमच्या देशात आजही गावकुसाबाहेरच्या माणसाला सरणासाठी वेगळी जागा दाखवली जाते. पावसाळ्यात चिखल तुडवत प्रेत न्यावे लागते, आणि शेजारची पत्र्याच्या शेडची स्मशानभूमी 'त्यांची' असते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये दफनभूमी व स्मशानभूमी हे शब्द स्पष्ट लिहिले आहेत. २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यातही ते आले. तरी ठाण्यात तक्रार घेऊन गेले की 'मयत आहे, आता वाद नको' असे सांगून परत पाठवणारे भेटतात. मेल्यावरही जात न सोडणाऱ्या समाजाने खडकीची ती ओळ एकदा पाहावी.

परंतु साहेबाचे कौतुक करून थांबणारे आम्ही नव्हे. तो नियम कागदावर सर्वांसाठी होता. प्रत्यक्षात?

इराकमधील बसरा येथे १९२९ साली स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचे कोरले. हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या टाकली. गोल्ड कोस्ट म्हणजे आजच्या घानाच्या गव्हर्नराने १९२३ साली मत दिले होते की तिथल्या सामान्य माणसाला समाधीच्या दगडाचे महत्त्व कळणार नाही. अक्षरबंदी करणाऱ्या आमच्या शास्त्रकारांना हा गव्हर्नर परका वाटला नसता! एप्रिल २०२१ मध्ये आयोगाच्याच समितीने कबूल केले की पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांची नावाने किंवा अजिबातच नोंद झाली नाही आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. त्यांत बहुतेक आफ्रिकेचे आणि मध्यपूर्वेचे लोक होते. हिंदी, आफ्रिकी व इजिप्शियन अशा आणखी ४५ ते ५४ हजारांचे स्मरण असमान पद्धतीने झाले. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात माफी मागितली.

आता भीमा कोरेगावचा स्तंभ आठवा. १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कंपनीने दगडावर कोरली, त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती अक्षरे तिथे होती म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे उभे राहू शकले. 'तुमचे पूर्वज लढले याला पुरावा काय' असे विचारणाऱ्याला उत्तर त्या दगडाने दिले. शंभर वर्षांनी त्याच इंग्रजांनी बसऱ्याला नावाऐवजी आकडा लिहिला, तेव्हा कित्येक घरांचा पुरावा पुसला गेला.

आमच्या समाजाला हे दुप्पट लागू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची लष्करभरती बंद केली. १९१७ साली गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडून टाकली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. शिवाय ज्यांच्या हाती बंदूक नव्हती, ज्यांनी ओझी वाहिली, रस्ते केले, लष्करी छावण्यांत झाडू मारला, त्यांना तर शिपाई म्हणूनही कोणी मोजले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये केपटाऊनला आयोगाने पहिल्या महायुद्धातील १७०० हून अधिक कृष्णवर्णीय श्रमिकांचे स्मारक उघडले, प्रत्येकाच्या नावासह. ही माणसे बंदूकधारी नव्हती. शतकानंतर त्यांची नावे लागली, कारण कोणीतरी जुनी रजिस्टरे उलगडली.

आयोगाची मृतांची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. नाव राहिले असेल तर पुरावा देऊन दावा करता येतो. रत्नागिरी, सातारा, नगर, बेळगाव भागांतील बांधवांनी घरातल्या पत्र्याच्या ट्रंका उघडाव्यात. पेन्शनचे पुस्तक, जुनी मनीऑर्डर, मृत्यूची तार, काहीही चालेल. पहिल्या युद्धाचे पदक असेल तर त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव असते, ते भिंगाने वाचून उतरवून घ्या. पदक भंगारवाल्याला किंवा जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला विकू नका. नावाचे इंग्रजी स्पेलिंग कारकुनाने वाटेल तसे लिहिलेले असते, म्हणून गाव आणि बापाचे नावही जुळवून पाहा. विहारांतून एक-एक वही ठेवून ही माहिती लिहून घेण्याचे काम आम्ही सुरू करीत आहोत. अर्ज लिहून देण्यासाठी आमच्याकडे फी नाही.