मोडीतली यंत्रे

आमच्या जांबोटीच्या बाजूस पाऊस हात आखडून पडत नाही. मृगात लागलेली झड श्रावण सरेपर्यंत सुटत नाही, आणि तेवढ्या अवधीत शाळेचे मैदान, शेताचे बांध, देवळाचे आवार, काजूच्या बागा अशा सर्व ठिकाणी गवत इतके माजते की लहान मूल त्यात उभे राहिले तर शोधावे लागावे. पूर्वी 15 ऑगस्टच्या आधी वरच्या वर्गांतील मुले घरून विळे आणीत व दोन दिवस खपून मैदान मोकळे करीत. आता त्या कामी पेट्रोलवर चालणारे, खांद्याला पट्ट्याने अडकवावयाचे ‘ग्रास कटर’ येते आणि दुपारच्या आत काम उरकते. यंत्र आले म्हणून आमची तक्रार नाही. विळ्याने बोटे कापून घेण्यात काही विशेष पुण्य होते असे आम्ही मानीत नाही. आमचे म्हणणे आहे ते दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्या यंत्राची जी गत होते तिच्याविषयी.

एके दिवशी ते दोरी ओढूनही सुरू होत नाही. मालक दहा वेळा ओढतो, शेजाऱ्याकडून ओढवून घेतो, चार शिव्या देतो, आणि यंत्र गोठ्याच्या माळ्यावर चढते. पुढे ते भंगारवाल्याच्या हातगाड्यावर जाते व लोखंडाच्या भावाने विकले जाते. नवे येते. आपल्या पंचक्रोशीत अशी किती यंत्रे माळ्यावर निजली असतील ती वाचकांनी आपल्याच घरापासून मोजावीत.

आमचे मत असे की, ही यंत्रे अल्प किमतीत विकत घेऊन, खोलून, दुरुस्त करून पुन्हा विकणे हा हायस्कुलातील मुलामुलींस अत्यंत योग्य असा छंद आहे. त्यातही ‘विकणे’ या शब्दावर आमचा जोर आहे. पोस्टाची तिकिटे जमविणाराचा संग्रह त्याच्या पेटीत राहतो. तो कोणास दाखवावा न दाखवावा ही त्याची मर्जी. दुरुस्त केलेले यंत्र मात्र दुसऱ्याच्या शेतात जाऊन आपली परीक्षा देते, आणि तेथे काठावर पास होण्याची सोय नाही.

गवत कापण्याच्या यंत्राचा जन्मच मुळी एका कारागिराच्या अशा उचापतीतून झाला. इंग्लंडात ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड गावाच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापड विणून झाल्यावर त्यावर उभी राहिलेली लव सारखी कापण्यासाठी तेथे एक फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. एडविन बडिंग नावाच्या यंत्रकाराने ते पाहिले आणि त्याच्या मनात आले की कापडावरची लव जर अशी सारखी होते, तर जमिनीवरची का होऊ नये? 1830 साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. तोपर्यंत श्रीमंतांच्या बागांतील हिरवळ लांब दांड्याच्या कोयत्यांनी, पहाटेच्या दवात, गडी लावून कापावी लागे. बडिंगचे यंत्र ढकलावयास जड होते, पण त्यातील मूळ कल्पना आज दोनशे वर्षे होत आली तरी बदललेली नाही. 1902 साली त्यास पेट्रोलचे एंजिन बसले, एवढेच.

ही कल्पना समजून घेण्यासारखी आहे. नळकांड्याभोवती पिळाने बसविलेली पाती फिरत असतात आणि त्यांच्या खाली एक सरळ पाते स्थिर असते. गवताची काडी या दोहोंच्या मध्ये सापडते व कात्रीत सापडल्याप्रमाणे कापली जाते. बेळगाव हे छावणीचे गाव. तेथे कॅम्पात मोठमोठ्या आवारांचे जुने बंगले आहेत, आणि त्यांच्या अडगळीतून अशी हाताने ढकलण्याची जुनी यंत्रे अधूनमधून बाहेर पडतात. अशा एका यंत्रास आम्ही प्रथम हात लावला तेव्हा पात्यांना धार लावण्यासाठी कानस घेऊन बसलो व होती तीही धार घालविली. एका वृद्ध फिटरने आम्हांस खरी रीत दाखविली: कुरुंदाची बारीक पूड तेलात कालवून पात्यांना लावावयाची आणि नळकांडे उलट्या दिशेने फिरवावयाचे. फिरते पाते व स्थिर पाते एकमेकांस घासून आपापली धार आपणच लावून घेतात. नंतर दोन्ही बाजूंचे स्क्रू हलक्या हाताने आवळून मध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरावयाची व नळकांडे फिरवावयाचे. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ कापली गेली तर काम झाले. मध्येच चुरगळली तर पुन्हा पूड, पुन्हा तेल. हे करता करता संध्याकाळ केव्हा होते ते कळत नाही.

पेट्रोलच्या ग्रास कटरची दुखणी निराळी. त्याचा नाडीपरीक्षेचा क्रम आम्ही मुलांस असा सांगतो की, आधी ठिणगी पाहा, मग इंधन, मग हवा, आणि मग सिलिंडरातील दाब. प्लग काढून पाहिला की निम्मी हकीकत तोच सांगतो. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पोहोचते पण पेटत नाही. काळाकुट्ट असेल तर मालकाने तेल सढळ हाताने घातले आहे. या दोन-फटक्यांच्या एंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळावयाचे असते, आणि बहुतेक यंत्रांस एका लिटरला 20 ते 40 मिलिलिटर एवढेच, म्हणजे चहाच्या लहान पेल्यापेक्षाही कमी, पुरते. कोणी जास्त ओततात आणि धुराड्यात काजळी धरते. कोणी अजिबात ओतीत नाहीत. ते यंत्र उघडले की दट्ट्यावर उभे ओरखडे दिसतात, आणि मग त्याच्या वाचण्याची आशा सोडून बाकीचे अवयव दुसऱ्यांसाठी काढून ठेवावे हे बरे.

तथापि आमच्या अनुभवास आलेली बहुसंख्य यंत्रे अशा मोठ्या आजाराने गेलेली नसतात. पावसाळा संपल्यावर टाकीत पेट्रोल तसेच ठेवून दिलेले असते. ते हळूहळू उडून जाते व मागे चिकट राळेसारखा थर राहतो. कार्बुरेटरमधील सुईच्या टोकाएवढी भोके त्याने बुजतात, आतील पातळ पडदा ताठ होतो. हल्लीच्या पेट्रोलात तर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. आमच्याकडच्या हवेत ओल किती असते हे जांबोटीकरांस सांगावयास नको. तेव्हा जे यंत्र ‘मेले’ म्हणून माळ्यावर चढविले जाते त्याच्या अंगी पुष्कळदा एवढाच रोग असतो. कार्बुरेटर उघडून धुवावा, पडदा बदलावा, पेट्रोलची रबरी नळी कडक झाली असल्यास नवी घालावी, हवेच्या जाळीतला गवताचा भुसा झाडावा. दोन सुट्ट्यांचे काम आहे. पहिल्या प्रयत्नास ते फुरफुरते, खोकते, थांबते. पुन्हा दोरी ओढली की एकदम धडधडू लागते. त्या क्षणी नववीतील मुलांची जी तोंडे होतात ती आम्ही बीजगणिताच्या तासाला फारशी पाहिलेली नाहीत.

यावर काही पालक म्हणतील, व म्हणतातही, की मुलांना शिकावयास शाळेत घातले आहे, गॅरेजात नव्हे. त्यांस आम्ही आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण स्मरण करून देतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकण्यास ते मुंबईस गेले, पण रंग नीट ओळखता येईनात म्हणून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले व मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. म्हणजे ते मास्तर होते, ही गोष्ट आमच्यासारख्यांस विशेष सुखावते. बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान 1888 साली निघाले. पुढे लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी नांगर घेईनात. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमची मुले किर्लोस्कर होतील असा आमचा दावा नाही. परंतु ज्या गावात एका मास्तराने सायकली विकल्या व चारा कापण्याची यंत्रे घडविली, त्या गावाच्या आसऱ्याने राहणाऱ्या लोकांनी काळ्या हातांची लाज धरावी हे आम्हांस पटत नाही. खंडेनवमीला याच अवजारांस आपण झेंडूची माळ घालतो. मग दुसऱ्या दिवसापासून त्यांना हात लावणे हलके कसे ठरते?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आम्ही हसून टाकणार नाही. जुनी वस्तू विकणे म्हटले की त्यात लपवाछपवी आली, आणि मुलांस ती विद्या शिकवू नये, असे काही सज्जन म्हणतात. यास उत्तर म्हणून आमचीच एक चूक सांगितली पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एक ग्रास कटर 900 रुपयांस घेतले. प्लग, पडदा, नळी, दोरी मिळून 480 रुपये गेले. यंत्र उत्तम चालू लागले. पात्याच्या मागे बसणारे कवच मात्र आमच्याकडे आले तेव्हाच मोडलेले होते. पुष्कळ लोक ते अडचण होते म्हणून स्वतःच काढून टाकतात. आम्हीही त्याचा विचार केला नाही. कणकुंबीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने ते यंत्र 2200 रुपयांस घेतले. पैसे मोजताना आम्हांस स्वतःच्या कौशल्याचे मोठे कौतुक वाटले होते, हे कबूल करतो. आठ-दहा दिवसांनी ते गृहस्थ एस.टी.तून उतरले ते किंचित लंगडत. गुडघ्याखाली फडके बांधलेले. आमच्या पोटात धस्स झाले. ते पडवीत बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “मशीन झकास चालतंय सर, खोट काढायला जागा न्हाई. फकस्त खडं उडत्यात.”

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि तेच आम्हांस अधिक लागले. तो खडा दोन हात वर लागता तर डोळ्यास लागता. आम्ही पैसे परत देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. मग खानापुरात वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याचे कवच करवून घेतले व त्यांच्या गावी जाऊन स्वतः बसवून दिले. कवचास 350 रुपये लागले, म्हणजे ते आधीच केले असते तरी व्यवहारात आम्ही बुडत नव्हतो. लपवावे असे आमच्या मनात नव्हते. पण यंत्र सुरू होते की नाही, यापलीकडे ते कोण वापरणार, त्याच्या आजूबाजूस कोण उभे राहणार, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. ज्यास ते वापरावयाचे आहे त्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा नव्हे.

तेव्हापासून आमच्या पडवीतून कोणतेही यंत्र कागदाशिवाय जात नाही. ज्या मुलाने वा मुलीने ते दुरुस्त केले तिने आपल्या हस्ताक्षरात लिहावयाचे: काय मोडले होते, काय बदलले, काय जुनेच ठेवले आहे, आणि कोणता भाग लवकरच दगा देण्याचा संभव आहे. निबंधाच्या वहीत ‘माझा आवडता ऋतू’ पाच पाने लिहिणारी मुले येथे चार ओळींस अर्धा तास घेतात. “बेअरिंग आवाज करते” हे वाक्य लिहावे की न लिहावे यावर गेल्या वर्षी दोघा मित्रांत अबोला झाला. एकाचे म्हणणे, लिहिले तर 300 रुपये कमी येतील. दुसऱ्याने लिहिले. 300 रुपये कमी आले. अबोला दिवाळीपर्यंत टिकला आणि फराळाने मिटला. हा प्रसंग शाळेत घडावा की मुले मोठी होऊन दुकाने थाटल्यावर घडावा, याचा विचार त्या सज्जनांनीच करावा.

शासनाचेही लक्ष या विषयाकडे गेले आहे. 2022 च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी एक संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारी, फोन, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर शेतीची अवजारेही आहेत. हेतू असा की, उत्पादकांनी सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ग्राहकास मोकळेपणाने द्यावी. हे स्वागतार्हच आहे. परंतु बाजारात निनावी स्वस्त यंत्रे येतात, त्यांचा सुटा भाग मागावा तर कोणाकडे मागावा हे डब्यावरही लिहिलेले नसते. तेथे हक्कापेक्षा कानस अधिक उपयोगी पडते. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम व लेथचे काम करणारे इतके जाणकार कारागीर आहेत की नमुना हातात दिला तर दांडा वळवून मिळतो. मात्र नमुना काढून, मापे घेऊन, नीट आकृती काढून नेणारा कोणी पाहिजे. भूमितीच्या पेटीतील कर्कटक त्या दिवशी प्रथमच कामास आले, असे आमची एक विद्यार्थिनी म्हणाली. तिने कर्कटकाने बेअरिंगचे माप घेतले होते व ते अर्ध्या मिलिमीटरने चुकले होते, ही गोष्ट वेगळी. आता शाळेत एक व्हर्निअर कॅलिपर आणावा अशी तिची मागणी आहे व ती आम्ही येथे पालकांच्या कानावर घालीत आहो.

कोणी हा छंद आरंभणार असेल त्यास एकच निक्षून सांगणे: पात्यास हात लावण्यापूर्वी प्लगची वायर काढून बाजूस ठेवावी, प्रत्येक वेळी, यंत्र कितीही मेलेले दिसत असले तरी. आणि घरचे कोणी वडीलधारे जवळ असल्याशिवाय ते सुरू करू नये.

कॅम्पातून आलेले ते जुने ढकलण्याचे यंत्र अजून आमच्याकडेच आहे. त्याची पाती आता वर्तमानपत्राची पट्टी स्वच्छ कापतात. डाव्या चाकाचा एक दात झिजला आहे, त्यामुळे वळणावर ते किंचित घसरते, आणि लाकडी मूठ नवी आहे पण तिला अजून तेलपाणी दिलेले नाही. 800 रुपये सांगितले आहेत. ज्यास घ्यावयाचे असेल त्याने मैदान कोरडे असताना यावे व स्वतः चालवून पाहावे.