वाड्याचा दरवाजा दाखवता, पाया कधी सांगणार?

पुण्यात ‘हेरिटेज वॉक’ आता चांगलेच रुजले आहेत. रविवारी सकाळी शनिवारवाड्यापाशी जमायचे, पेठांतले वाडे-देवळे पाहायची आणि मिसळ खाऊन घरी जायचे. शहर पायी फिरून समजून घेण्याला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे की, या दोन-अडीच तासांत पुणे कोणाचे म्हणून सांगितले जाते?

१८५५ साली मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली ही विद्यार्थिनी तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. मोठमोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना पुरले जाई, बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून गेलेल्या मांग-महाराचे मुंडके उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई, असे ती त्यात लिहिते. पेशवाई बुडून तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. ही साक्ष याच शहरातली, छापील आणि तारखेनिशी आहे. तरी गाइड सागवानी दरवाजा दाखवतो, नक्षीदार खांब दाखवतो. पाया मात्र सांगत नाही.

पर्वतीचेही तेच. पायऱ्या किती आणि वरून शहर कसे दिसते, हे सगळे सांगतात. १९२९ साली याच देवस्थानात प्रवेश मिळावा म्हणून शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सत्याग्रहींनी दगड खाल्ले, हे किती जण सांगतात? मंडईपाशी इमारतीच्या शैलीचे कौतुक होते. पण नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी याच मंडईच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून. आज तिला नाव त्यांचेच आहे, त्यांचा प्रश्न मात्र गायब आहे.

कोणी म्हणेल, फिरायला आलात, इथेही जात कशाला आणता? अहो, जात आम्ही आणलेली नाही. कोणी कुठे राहायचे, कोणत्या हौदाला हात लावायचा, हे तिनेच ठरवले होते. म्हणून तर १८६८ साली जोतीरावांनी गंज पेठेतला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही क्रांती ठरली.

आपल्यातले काही मित्र म्हणतात, त्यांचे वॉक त्यांना लखलाभ, आपण फुलेवाड्यापुरते आपले वेगळे काढू. आम्हाला हे पटत नाही. असे केले तर शनिवारवाडा कायमचा त्यांच्या स्वाधीन होईल आणि आपला इतिहास एका कोपऱ्यात बसेल. आपण त्याच रस्त्यांनी चालले पाहिजे. शनिवारवाड्यापुढे मुक्ताचा निबंध वाचावा. तिथून भिडेवाड्याच्या जागेवर जावे. १८४८ची मुलींची शाळा जिथे भरली तो वाडा इतकी वर्षे पडझडीत का राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्याची वेळ का आली, हे तिथे उभे राहून विचारावे. मग मंडई आणि शेवटी फुलेवाड्यातला हौद.

मात्र आपलाही वॉक नुसता हार घालून, फोटो काढून संपता कामा नये. पुतळ्याला वंदन केल्याने इतिहास कळत नाही. शेवटी तासभर बसून चर्चा झालीच पाहिजे. वस्तीतल्या आजी-आजोबांना, सफाई कामगारांना बोलते करा, त्यांचे म्हणणे लिहून ठेवा. जे सांगाल त्याला पुरावा द्या. ऐकीव गोष्टी फुगवून सांगितल्या तर खऱ्या साक्षीवरही लोक विश्वास ठेवणार नाहीत.

बाबासाहेबांनी ग्रंथ धुंडाळून, पुराव्यानिशी इतिहास मांडला. तीच शिस्त आपण रस्त्यावर पाळायची आहे. येत्या रविवारी चार मित्र, दोन शेजारी गोळा करा आणि निघा. परवानगी कोणाची लागत नाही. हे शहर आपल्याही पूर्वजांच्या कष्टांवर उभे आहे.

जय जोती! जय भीम!