संताचें शिर आणि सरदाराचें थडगें

मध्ययुगीन इंग्लंडांतील अलाबास्टरच्या संतमूर्तींविषयीं कलेतिहासाच्या पुस्तकांतून एक ठराविक मत फार दिवस चालत आलेलें आहे. तें असें कीं, हा बाजारचा माल. अनामिक कारागिरांनीं एकाच नमुन्यावरून डझनावारी उतरविलेला. ह्यांत हस्तकौशल्य असेल, कला नाहीं! हें मत ज्या कसोटीवर उभें आहे ती कसोटीच खोटी आहे, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

अलाबास्टर हा जिप्समचाच एक प्रकार. नखानें ओरखडा उठावा इतका मऊ. डर्बिशायरांतील चेलॅस्टन व स्टॅफर्डशायरांतील टटबरी येथें तो निघे. चौदाव्यापासून सोळाव्या शतकापर्यंत नॉटिंगहॅम व आसपासचे कारागीर त्याच्या मूर्ति घडवीत, रंगवीत, त्यांवर सोनें चढवीत. आणि त्या आइसलँडपासून स्पेनपर्यंत जात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें तबकांत ठेवलेलें शिर हा त्यांतील विशेष लोकप्रिय विषय. सामान्य गृहस्थही तें घरीं पूजेस ठेवी. १४९१ सालीं नॉटिंगहॅमच्या निकोलस हिल नांवाच्या मूर्तिकारानें अशा ५८ शिरांच्या किमतीसाठीं आपल्या विक्रेत्यावर फिर्याद केली. ‘अठ्ठावन्न शिरें! ही कला कीं कारखाना?’ असा प्रश्न मग टीकाकार विजयी मुद्रेनें विचारतात.

त्यांना आम्ही एक प्रतिप्रश्न विचारतों. १४१९ सालीं चेलॅस्टनच्याच थॉमस प्रेंटिस व रॉबर्ट सटन ह्या कारागिरांनीं राल्फ ग्रीन ह्या उमरावाचें व त्याच्या पत्नीचें थडगें ४० पौंडांस घडवून देण्याचा करार केला. नॉर्दॅम्प्टनशायरांतील लोविक येथील चर्चमध्यें तें आजही आहे. पतिपत्नींनीं एकमेकांचा हात धरलेला आहे. दगड तोच, सौदा पैशाचाच. अशा थडग्यांवरील सरदारांचे चेहरेही बहुधा ठरीव घडणीचेच. चिलखतें तशींच, ढाल धरणारे देवदूतही तसेच. तथापि येथें ‘बाजारचा माल’ हा शब्द कोणाच्या ओठीं येत नाहीं. हा पंक्तिप्रपंच कशासाठीं?

ह्याचें मूळ १५५० च्या कायद्यांत सांपडतें. सहाव्या एडवर्डच्या राज्यांत चर्चमधील मूर्ति नष्ट करण्याचा हुकूम झाला. मात्र राजे, उमराव किंवा संत म्हणून न मानलेल्या इतर मृतांच्या थडग्यांवरील प्रतिमांस त्यांतून सूट मिळाली. संत फुटला, सरदार वांचला! कांहीं मूर्ति जमिनींत पुरल्या गेल्या, कांहीं जहाजांत भरून परदेशीं विकल्या गेल्या. जें जागच्या जागीं अखंड राहिलें तें ‘कला’ ठरलें. ज्याचे तुकडे झाले तो ‘माल’ ठरला. म्हणजे टीकाकार ज्याला रसिकतेचा निर्णय समजतात, तो वस्तुतः राजाज्ञेचाच अनुवाद आहे. शिवाय, हा माल इतका क्षुद्र होता तर त्याच्या नाशासाठीं पार्लमेंटास कायदा कां करावा लागला? खेळण्यांची भीति कोणी बाळगीत नाहीं.

राहिला पुनरावृत्तीचा आक्षेप. पूजकाला नवलाई नको होती. त्याला ओळखीचा योहान हवा होता. मिटलेल्या पापण्या, तबकावर पसरलेले केस, बाजूस पीटर व एक आर्चबिशप, खालीं थडग्यांतून वर येणारा ख्रिस्त, हें सारें ठरलेलें. पुष्कळ शिरांवर भिवईच्या वर एक जखम दिसते. हेरोदियेनें सुरी मारल्याची ती खूण, असें दंतकथा सांगते. ती खूण वगळून स्वतंत्र प्रतिभा दाखविणारा कारागीर गिऱ्हाइकास नव्हे, योहानासच मुकला असता. कारागिराचें सामर्थ्य पाहावयाचें तें ह्या मर्यादेच्या आंत: गालाच्या खळगींत, ओठांच्या शिथिलतेंत. कित्येक शिरें घाईनें उरकलेलीं आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं; परंतु उत्तम थडग्याशीं निकृष्ट शिराची तुलना हा न्याय नव्हे.

१९४६ सालीं डॉ. हिल्डबर्ग ह्यांनीं आपला अलाबास्टर-शिल्पांचा मोठा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास दिला. सरदारास दगडांतही जो मान मिळतो, तो गरिबाघरच्या संतास नाकारावयाचा असेल तर खुशाल नाकारावा. पण त्या निवाड्यास सौंदर्यशास्त्राचें नांव देऊं नये.