‘तोंडाला चव नाही’ म्हणणारा रुग्ण

‘डॉक्टर, तोंडाला चवच नाही’ असं रुग्ण म्हणाला की आपला हात आपसूक बी-कॉम्प्लेक्सकडे जातो. कोविडने ही सवय मोडायला हवी होती. १३ जून २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास आणि चव जाणं लक्षणांच्या यादीत घातलं. साथ ओसरली आणि आपण नाक तपासायचं पुन्हा सोडून दिलं.

साध्या सर्दीच्या विषाणूंनीही वास जातो, हे जुनंच ज्ञान. कोविडमध्ये मात्र नाक मोकळं असूनही वास गेला. विषाणूला लागणारे एसीई-२ ग्राही गंधपेशींवर नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या पेशींवर सापडले. बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला, तो बहुधा यामुळेच.

तपासणीला पाच मिनिटं पुरतात. रुग्णाला नाक चिमटीत धरायला सांगा आणि जिभेवर आधी साखर, मग मीठ ठेवा. दोन्ही ओळखलं तर जीभ बहुधा ठीक आहे, गेलाय तो वास. मग डोळे मिटवून एकेका नाकपुडीशी कॉफीची पूड धरा. बाम किंवा अमोनिया नको. त्यांची झणझण ट्रायजेमिनल नसेला कळते. रुग्ण ‘हो, येतोय’ म्हणतो आणि आपण ‘नॉर्मल’ लिहून मोकळे!

उपचारात स्टिरॉइडच्या गोळ्या आणि झिंक सर्रास दिले जातात; पुरावा तोकडा आहे. त्यापेक्षा ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेलं गंधप्रशिक्षण द्या. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ, मन लावून हुंगायचं, किमान १२ आठवडे. कुठलाही एमआर हे सांगायला तुमच्याकडे येणार नाही.

वास गेल्यावर काहींना दोन-तीन महिन्यांनी कांदा-लसणाच्या फोडणीचा, कॉफीचा कुजका वास येऊ लागतो. घरचे म्हणतात नाटकं, रुग्ण जेवण टाकतो, वजन उतरतं. गंधपेशी नव्याने जुळताना असं होऊ शकतं, हे त्याला समजावून सांगा. गरम, तळलेलं टाळून दहीभातासारखं थंड, सौम्य खाणं बरं पडतं.

एकाच नाकपुडीचा वास गेला असेल, नाकातून रक्त येत असेल, डोक्याला मार लागला असेल, तर वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे धाडा. आणि स्वयंपाक कोण करतं, हे प्रत्येकाला विचारा. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. एकट्या राहणाऱ्या रुग्णाच्या कागदावर गॅस-अलार्मही लिहून द्या.